डाव्या खांद्यातली कळ

शपथविधीनंतरच्या सत्कारात वृंदा गावंडे हसत बसली होती. शाली येत होत्या, नारळ येत होते आणि तिचं सगळं अंग उबदार होतं. नव्या नगराध्यक्षाच्या कातडीखाली चकती बसवायची, हा आता नियमच होता. लोकांच्या मनगटावरचे पट्टे त्यांच्या मनातलं टिपत आणि चकतीकडे पाठवत. पसंती असेल तर ऊब, नापसंती असेल तर कळ. प्रत्येक प्रभागाला अंगावर जागा नेमून दिलेली होती. वृंदाचा स्वतःचा प्रभाग डाव्या खांद्यात होता.

"पहिला आठवडा सुखाचा जातो," मावळते अध्यक्ष कंबर धरून उठता उठता म्हणाले. "पुढे सवय होते. एवढ्या गर्दीत कोण टोचतंय ते काही ओळखू येत नाही."

घरी आल्यावर तिने चहा ठेवला.

"अहो, एक ठरवलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "टाकीचं पाणी आधी खालच्या वस्तीला सोडायचं. आपल्या प्रभागात दिवसाआड येईल. उद्या जाहीर करीन. अजून कुणालाच सांगितलेलं नाहीये."

विलासरावांनी चहात बिस्कीट बुडवलं.

"चांगलं करतेयस. लोक नावं ठेवतील, पण तू मागे हटू नकोस. मी आहे ना."

संध्याकाळभर उबदार असलेल्या खांद्यात एक बारीक कळ आली. वृंदाचा हात आपोआप तिकडे गेला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "बाम लावून देऊ का?"

"द्या," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.