मोठ्या बाईंचा शेरा

"छोट्या बाई कुठायत?" दुसरीच्या वर्गात पाऊल टाकताच मुलांनी विचारलं, आणि मोठ्या बाईंच्या पोटात दुखायला लागलं. अठरा वर्षं हाच वर्ग, हीच खिडकी. सहा महिन्यांपूर्वी एक नवी शिक्षिका हाताखाली शिकायला काय आली, पोरं त्यांना विसरूनच गेली.

नव्याचे नऊ दिवस, असं त्या म्हणायच्या. पण नऊ दिवस सरले, नऊ आठवडे सरले, हिचं नवेपण काही सरेना. बाटल्यांची बुचं मांडून वजाबाकी शिकवते काय, कधी तोंड न उघडणारी मुलगी हिच्यासमोर पाढे म्हणते काय! त्या मुलीला आपण बोलतं करू शकलो नाही, हे मोठ्या बाईंना चांगलं ठाऊक होतं. राग त्याचाच जास्त होता.

नवीच्या प्रशिक्षणाचा अहवाल त्यांनीच लिहायचा होता. वाईट लिहावं, तर ती आणखी वर्षभर याच वर्गात ठाण मांडणार. आणि चांगलं लिहिलं तर?

"बेटावरच्या शाळेत बाई हवी आहे," मुख्याध्यापक मागेच म्हणाले होते. "ही तयार झाली की बघू."

बेट म्हणजे होडीने दोन तास. मोठ्या बाईंनी मग हात आखडता घेतला नाही. 'वर्ग एकटीने उत्तम सांभाळते. आता मार्गदर्शनाची गरज नाही.' इतकं कौतुक त्यांनी पोटच्या मुलीचंही कधी केलं नव्हतं. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

अहवाल वाचून नवीचे डोळे भरून आले. तुम्ही शिकवलंत म्हणून जमलं, म्हणाली. मोठ्या बाईंना लाज वाटली, पण क्षणभरच.

बदलीच्या आदेशाच्या दिवशी त्यांनी तिला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा दिला. लांबचा प्रवास, जेवणाची आबाळ नको, असं अगदी मायेने सांगितलं. तिला काही उमगेना. डबा हातात घेऊन ती त्याचे कप्पे उघडून पाहू लागली.

तेवढ्यात मुख्याध्यापक कागद घेऊन आले, ते थेट मोठ्या बाईंकडे.

"सहा महिन्यांत तुम्ही माणूस तयार केलंत, बाई. बेटावर तिघीजणी नव्या आल्यात, त्यांना शिकवायला कोणी नाही. दुसरीचा वर्ग हिच्यावर सोपवून निर्धास्त जा."

नवीने डोळे पुसले आणि डबा हळूच मोठ्या बाईंच्या हातात ठेवला.

"होडी सकाळी सहाला सुटते, बाई."