हातांना जपणारा साबण

“मालगुंडचा घरगुती साबण! ना सेंट, ना रंग. शुद्ध खोबरेल आणि हळद, अगदी नाजूक हातांनाही जपणारा,” मी मोबाईलसमोर हसत सांगत होते. मागे विमलाताई तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतून घोटत होत्या. तीन वर्षं उघड्या हातांनी हेच काम करून त्यांची बोटं पोळून निघालीत. ती बोटं व्हिडिओत दिसली तर गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून आज सकाळीच मी त्यांना नवे रबरी हातमोजे आणून दिले होते.

व्हिडिओ संपला. दुसरं पातेलं घोटायला घेण्याआधी विमलाताईंनी हातमोजे काढले, धुतले, पदराने पुसले आणि माझ्यापुढे धरले.



“घ्या वैनी, नीट ठेवा. फुडच्या व्हिडिओला लागतील.”