माघारी गेलेली कैरी

ऐन दिवाळीत जावई लेकीला बाळंतपणासाठी घेऊन आला, तोही टोपलीभर हिरव्यागार कैऱ्यांसह. चंद्राक्काच्या कपाळाला आठी पडली.

"शीतगृहात ठेवलेले पिकलेलेच आंबे होते, आक्का. नव्या औषधाने परत कच्चे केले. केतकीला डोहाळे लागलेत ना!"

आक्काने एक कैरी विळीवर धरली. गर कचकन कापला गेला, पण पातं जून कोयीवर अडलं.

"कोय बरी नाही फसली, जावईबापू! किती खाल्ल्यास गं?"

"महिनाभर रोज," केतकी बोटं चाटत म्हणाली.

आक्काने तिच्या पोटावर हात ठेवला. नववा भरत आला होता. सातव्यात ओटी भरताना होतं, त्याहून पोट लहान लागलं.