धुतलेले हात

बेकरीवाल्याच्या लेकीला सिलिॲक हा आजार असल्याचं सांगताना डॉक्टरांनी बजावलं, "गव्हाचा कणही हिच्या पोटात जाता कामा नये." दुसऱ्या दिवशी तो भट्टीवरून घरी परतला, तेव्हा सहा वर्षांची ती नेहमीसारखी दोन्ही हात पसरून धावत आली. त्याचा शर्ट मैद्यानं माखलेला, ती त्यातच तोंड खुपसणार होती. "थांब! जवळ येऊ नकोस!" तो ओरडला. पोर जागीच थिजली, मग आईच्या पाठीमागे लपली. तो तडक बाथरूममध्ये शिरला. कपडे बादलीत बुडवले, केस तीनदा धुतले, नखं ब्रशनं घासली. बाहेर येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. "ये आता, बाळा." ती आईच्या पाठीमागून हलली नाही. "बाबा, तुला हात लावला तर मी आजारी पडेन?" त्यानं नुसता तळवा पुढे धरला. तिनं त्यावर एक बोट टेकवलं, आणि लगेच फ्रॉकला पुसलं.