गुलालातला फोटो

उंब्रजच्या वीरधवलनं मोटरसायकलची शर्यत जिंकली. पण कंपनीच्या हिशेबानं तो जिंकलाच नव्हता. जाहिरातीसाठी त्याला गाडी देणाऱ्या, शेतीचे पंप बनवणाऱ्या कंपनीचा सांगलीतला साहेब त्याच्या बापाला, हंबीररावांना, तेच समजावत होता.

"आवं सायेब, पोरगं सगळ्यांच्या म्होरं आलं. साऱ्या मैदानानं बघितलं."

"मैदानानं बघून पंप खपत नाहीत, मामा. हा फोटो बघा."

जिंकलेल्यावर गुलाल टाकायचा ही गावची रीत. हंबीररावांनी आख्खं पोतंच रिकामं केलं होतं. फोटोत गुलालाचा एक ढीग हसत उभा होता. शर्टवरचं कंपनीचं नाव पार बुजलं होतं.

"आता आमचा दुसरा गडी बघा. पहिल्याच वळणावर कॅमेऱ्यासमोर आपटला. स्ट्रेचरवर उताणा, छातीवर नाव ठळक. टीव्हीवर दिवसभर तेच. पुढच्या वर्षी गाडी त्यालाच."

"त्येचा पाय मोडला न्हवं?"

"पायावर नाव नव्हतं."

हंबीररावांची मूठ वळली. पण सगळी उमर पलटणीत गेलेली. राग आला की अर्ज करायचा, एवढंच हाताला ठाऊक. त्यांनी साहेबाच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि पेन दाबून लिहिलं:

"मालकसाहेबांस विनंती अर्ज. माझा मुलगा जिंकला, त्याबद्दल क्षमा असावी. पुढील शर्यतीस आपण गाडीवर नुसता शर्ट बसवून पाठवावा, आणि तो आपटल्यास त्याच्या आईस आपण स्वतः घरी जाऊन सांगावे, ही नम्र विनंती."