अकरा मिनिटं

बायको झोपेतच गेल्याचं सकाळी कळलं, तशी तिच्या सायकल क्लबातली मंडळी घरी आली. एक लंगडणारी मुलगी म्हणाली, “काका, सहाशे किलोमीटरच्या राइडमध्ये धुक्यात मला ट्रकने उडवलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत काकू लाल दिवा हलवत माझ्या मागे उभ्या होत्या.” मला बायकोने उशिराचं कारण पंक्चर सांगितलं होतं, कारण अपघात ऐकून मी तिची सायकल बंद केली असती. ती ठरलेल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं उशिरा पोहोचून राइडमधून बाद झाली, तेव्हा मी चिडवलं होतं, “हत्ती गेला, शेपूट राहिलं!” क्लबप्रमुखांनी खिशातून शिक्का काढला. “वहिनींचं राइडचं कार्ड आणा, टप्प्याटप्प्यावर शिक्के मारलेलं. शेवटचा शिक्का आज मारतो.” “नको,” मी म्हणालो. “तिची ती अकरा मिनिटं खोडू नका.” कार्ड दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मीच छाती फुगवून सांगतो, पाच शिक्के आहेत, सहावा मारायचा राहिला आहे.