इस्त्री तापेपर्यंत

“तुम्ही माझ्या सुनेला देवाच्या घरात आरोपी करून बसवलंत,” सासू म्हणाली. “स्वतःला मंडळीचे वडील म्हणवता ना? जरा तरी लाज?”

उपासना नुकतीच संपली होती. चर्चच्या मागच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला पाळक आणि खजिनदार बसले होते, समोर तिची सून, इस्त्रीवाली. सासूला कुणी बोलावलंच नव्हतं, म्हणून खुर्चीही नव्हती. ती दाराला टेकून उभी होती.

गुन्हा काय, तर फेसबुकवरचं एक पान. नाव ‘जेवलात का?’

सकाळी इस्त्री तापेपर्यंत इस्त्रीवाली खळीच्या बाटलीला फोन टेकवायची आणि एकट्यादुकट्या माणसांना एवढंच विचारायची. ज्यांना घरात विचारणारं कुणी नाही, ती माणसं ताटाचा फोटो पाठवायची. ताट रिकामं दिसलं की ती पत्ता मागायची आणि त्याच भागातल्या कुणाला तरी डबा घेऊन पिटाळायची. कधी तोंड न पाहिलेली माणसं एकमेकांच्या दारात डबे घेऊन उभी राहू लागली. इतक्या वर्षांच्या प्रवचनांनी जे झालं नव्हतं, ते एका प्रश्नानं झालं. झोंबलं ते हेच.

“पानावर एक वचन नाही, साधा क्रूस नाही,” खजिनदार म्हणाले. “ही ख्रिस्ती सेवा कशी?”

“प्रभू मेलेल्यांतून उठला, तेव्हा किनाऱ्यावर शिष्यांसाठी त्यानं काय मांडलं होतं?” इस्त्रीवालीनं विचारलं. “न्याहारीच ना?”

सासू फिसकन हसली. “घ्या! आता त्यालाही बोलावून जाब विचारा.”

पाळक हसले नाहीत. एरवी त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. बायको गेली, तरी त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. आनंदावर बोलावं तर त्यांनीच. मागे इस्त्रीवालीच्या हातून वेदीवरचं कापड जळलं, तेव्हा खजिनदार तिचं काम काढून घ्यायला निघाले होते. “डाग कापडाला पडलाय, बाईला नाही,” असं म्हणून पाळकांनी ते कापड आपल्या घरी नेलं. त्या दिवसापासून ती त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

आज मात्र सगळ्यांत कडक तेच होते.

“पान बंद करा,” पाळक म्हणाले. “आलेले संदेश, फोटो, सगळं पुसा. इथंच, आमच्यासमोर.”

“एक माणूस आहे, पाळकसाहेब. नाव लपवून लिहितो. आता जगण्यात राम नाही म्हणतो. मी विचारलं की दोन घास खातो. आज सकाळी विचारलं, अजून उत्तर नाही. पान बंद झालं तर त्याला कोण विचारणार?”

“कोण आहे तो? दाखव इकडे.” खजिनदारांनी हात पुढे केला. “आपल्यातला असला तर आम्ही बघू.”

तिनं फोन छातीशी धरला. “तुम्ही बघाल, मग सगळी मंडळी बघेल.”

“नको,” पाळक घाईनं म्हणाले. “दाखवू नका. नुसतं पुसा.”

“पुसू नकोस गं!” सासू ओरडली. “ह्यांच्या बापाचं पान आहे का?”

“असू द्या, आई.”

ती एकेक संदेश पुसू लागली. कुणाचं ताट, कुणाचं आभाराचं वाक्य, कुणाचं रडगाणं. खजिनदार मान लांब करून बघत होते. तिनं फोन तिरका धरला. पाळक खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा झगा खांद्यावरून ओघळल्यासारखा सैल पडला होता.

शेवटी त्या माणसाचा एकच फोटो उरला. बशीत अर्धा पाव, शेजारी कोरा चहा. बशीखाली पांढरं कापड आणि त्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग.

तिनं तोही पुसला. पान बंद केलं. मग पिशवीतून स्वतःचा डबा काढला, झाकण उघडलं, टेबलाच्या पलीकडे सरकवला आणि पहिल्यांदाच तो प्रश्न तोंडानं विचारला.

“सकाळपासून वाट बघतेय, पाळकसाहेब. जेवलात का?”